साधा की चालू

कोल्हापुरात इंग्रजीचा वर्तमानकाळ शिकवणं हा माणसाचा स्वभाव बिघडवणारा उद्योग आहे. मी तो बत्तीस वर्षं केला. फळ्याच्या मधोमध रेघ ओढायची. डावीकडं साधा वर्तमानकाळ, उजवीकडं चालू वर्तमानकाळ. जे नेहमी घडतं ते डावीकडं, जे आत्ता, या मिनिटाला घडतंय ते उजवीकडं. मागच्या बाकावरून दरवर्षी कुणीतरी कुजबुजायचं, "आमचे सर साधे, हेडसर चालू," आणि सगळा वर्ग फिदीफिदी हसायचा. मी दरवर्षी तितक्याच जोरात डस्टर आपटायचो.

खरं तर दोष पोरांचा नव्हता, जिभेचा होता. पुस्तकातली मराठी 'मी रोज जातो' आणि 'मी आत्ता जातोय' असा भेद करते. आमच्याकडं तो भेदच नाही. "रोज सकाळी कुठं असतोस?" म्हणून विचारलं तर उत्तर येणार, "तालमीत जातोय की." दूध कुठं मिळतं, तर "कोपऱ्यावर मिळतंय." रोजचंही 'होतंय' आणि आत्ताचंही 'होतंय'. मग तेच पोरगं वहीत लिहिणार, 'आय ॲम गोइंग टू स्कूल डेली', आणि मी त्याखाली लाल रेघ ओढणार. शाळेत माझं नाव कमी आणि 'लाल पेन' जास्त चालायचं, हे मला निवृत्त झाल्यावर कळलं. कुणी तोंडावर म्हणायची हिंमत केली नव्हती.

चूक ऐकली की मला गप्प बसवत नाही. त्यात मोठेपणा काही नाही, ती खोड आहे. एकदा उचगावच्या नाक्यावर चहा घेत असताना एक जुना विद्यार्थी मोटारसायकल थांबवून पाया पडला. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत चांगल्या जागेवर होता. मला बरं वाटावं म्हणून बिचारा इंग्रजीत म्हणाला, "सर, आय ॲम वर्किंग इन पंचतारांकित सिन्स टेन इयर्स." मी तिथल्या तिथं, चार लोकांदेखत म्हणालो, "हॅव बीन वर्किंग. आणि सिन्स नाही, फॉर." तो हसला. माझ्या चहाचे पैसे देऊन गेला. त्यानंतर दोन-तीनदा तो मला लांबून दिसला आणि दरवेळी त्याचा फोन नेमका तेव्हाच वाजला.

हे सगळं माहीत असलेली एकच व्यक्ती होती, आणि ती माझ्याच घरात राहत होती. माझी बायको चंदगड तालुक्यातली. सातवीनंतरची शाळा लांब होती, मधे ओढा होता, आणि वर्षातले चार महिने ओढा काही ऐकत नसे. तिथं तिचं शिक्षण थांबलं. लग्न होऊन कोल्हापूरला आली आणि हळूहळू इथलीच झाली. इथल्या बायकांसारखी स्वतःबद्दल 'मी आलो, मी जेवलो' असं म्हणायला लागली. सुरुवातीला मी तिचं तेही दुरुस्त करून पाहिलं होतं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं. आता मी भाकरी करतो." मी नाद सोडला. पण बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना शिकवताना घरातल्या माणसाला इंग्रजीचं एक अक्षर शिकवावं असं मला कधी सुचलं नाही. तिनंही कधी मागितलं नाही.

मागितलं ते नातीमुळं. आमची एकुलती एक मुलगी इंग्लंडात असते. जावई तमिळ आहे, सज्जन माणूस. दोघांच्या दोन भाषा, म्हणून घरात तिसरी. नात तान्ही होती तोवर त्यानं काही बिघडत नव्हतं. दर रविवारी आमच्या संध्याकाळी पाचला, म्हणजे त्यांच्या दुपारच्या सुमाराला, व्हिडिओ कॉल लागायचा. बायको फोनपुढं वाटी-चमचा वाजवायची, डोळे मिचकावायची, "कुठं गेलं माझं सोनं, आलं की गं!" असं ओरडायची, आणि तिकडं ते पोर पाय झाडत खिदळायचं. मी मागं पेपर घेऊन बसायचो. माझं त्यात काही काम नव्हतं.

नात चार वर्षांची झाली. बोलायला लागली ती धडाधडा इंग्रजीत. एका रविवारी बायको तिला काहीतरी कौतुकानं सांगत होती, आणि पोरीनं पडद्याकडं पाहत, मान वळवून आईला विचारलं, "व्हॉट इज शी सेइंग, मम्मा?"

मुलगी गडबडली. तिनं काहीतरी सांगून वेळ मारून नेली. बायकोनं त्या वाक्याचा अर्थ मला विचारला नाही. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर तिनं टेबल पुसलं, दोनशे पानी कोरी वही आणून माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाली, "मला शिकवा."

"काय?"

"विंग्रजी. लई नको. तिच्यासंगं बोलण्यापुरतं."

इतकंच मागणं होतं. नातीशी बोलण्यापुरतं. दुसरा कुणी शहाणा माणूस असता तर त्यानं 'इकडं ये', 'काय खाल्लंस', 'शाळेत काय झालं' अशी वीस वाक्यं घोकून घेतली असती आणि विषय संपवला असता. मी वहीच्या पहिल्या पानावर मधोमध रेघ ओढली. पाया पक्का हवा, असं म्हणालो.

"हे बघ. 'द सन राइजेस इन द ईस्ट.' सूर्य पूर्वेला उगवतो. हे नेहमीचं सत्य आहे, म्हणून साधा वर्तमानकाळ. आत्ता घडत असेल तरच चालू."

"आत्ता उगवत न्हाय?"

"आत्ता दीड वाजलाय."

"हितं वाजलाय. पोरीकडं आत्ता उगवत असंल की."

डिसेंबर होता. मनात तास मोजून पाहिले तर ती बरोबर होती. मी म्हणालो, "विषयांतर नको."

पावसाचं उदाहरण दिलं तर म्हणाली, "आमच्या चंदगडात पाऊस पडत न्हाय, असतोय." त्यावर मात्र मी हसलो. तीही हसली. दुपारची ती वेळ मला आवडायला लागली होती, हे आज कबूल करतो. इतक्या वर्षांत आम्ही दोघं एका टेबलाशी बसून ताटाशिवाय दुसऱ्या कशावर बोललो होतो असं मला आठवत नाही.

एके दिवशी तिला गृहपाठ दिला: तुझी दिनचर्या लिही, साध्या वर्तमानकाळात. तिनं अक्षर लावून लावून लिहिलं. 'आय ॲम गेटिंग अप ॲट फाइव्ह. आय ॲम मेकिंग टी. माय हजबंड इज ड्रिंकिंग टी. माय हजबंड इज रीडिंग पेपर अँड शाउटिंग.' मी सवयीनं पेन काढलं. प्रत्येक क्रियापदाखाली लाल रेघ. पानाच्या तळाला गोल करून दहापैकी तीन. तिनं वही उलटी-सुलटी करून पाहिली आणि म्हणाली, "शाउटिंगला तरी एक मार्क द्यायचा. ते खरं हाय." मी दिला नाही. साठीच्या उंबरठ्यावरच्या बायकोला, तिनं आयुष्यात पहिल्यांदा इंग्रजीत लिहिलेल्या पानावर, मी दहापैकी तीन मार्क दिले. आता हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते. तेव्हा वाटली नव्हती.

आणि गंमत अशी की रविवारी ती बोलायला लागली होती. नियम धाब्यावर बसवून, पण बोलायला लागली होती. "यू आर ईटिंग? व्हॉट यू आर ईटिंग? आय ॲम ईटिंग भाकरी." पोरीला 'भाकरी' हा शब्द फार आवडला. ती तिकडं बिस्किट तोंडाशी धरून 'भाकरी, भाकरी' करत नाचायची. कॉल संपता संपता बायको पडद्याच्या अगदी जवळ तोंड नेऊन म्हणायची, "आय ॲम लव्हिंग यू." पोरगी तिकडून पडद्याला नाक चिकटवून ओरडायची, "आय ॲम लव्हिंग यू, आज्जी!" पडद्यावर नुसती एक नाकपुडी दिसायची. हे महिनाभर चाललं.

महिनाभर मी ते कसं सहन केलं, देव जाणे. एका दुपारी शेवटी वही उघडून सांगितलं, "काही क्रियापदं चालू रूपात वापरत नाहीत. माहीत असणं, हवं असणं, प्रेम असणं. ही क्रिया नव्हे, अवस्था आहे. म्हणून 'आय लव्ह यू.' लव्हिंग नाही."

"का न्हाय?"

"नियम आहे."

"पण चालू हाय की ते अजून. थांबलंय कुठं?"

"थांबलं नसलं तरी."

तिनं खाली मान घालून वहीत लिहून घेतलं. पुढच्या रविवारी कॉलच्या शेवटी ती पडद्याजवळ गेली, ओठ हलवले, आणि थबकली. मग सावकाश, एकेक शब्द चाचपत म्हणाली, "आय. लव्ह. यू." पोरीनं आपलं नेहमीचं ओरडून सांगितलं, तेव्हा मी बायकोच्या खांद्यावरून पुढं वाकून नातीलाही सांगितलं, "आय लव्ह यू, बेटा. नॉट लव्हिंग." तिला वाटलं आजोबा रागावले. ती आईच्या मागं गेली. मी म्हटलं, लहान आहे, विसरेल. लहान मुलं काय विसरतात आणि काय नाही, हे मला शिक्षक असून माहीत नव्हतं.

तरी बायकोनं सोडलं नाही. सोडलं ते बुलबुलाच्या दिवशी. आमच्या गॅलरीतल्या जाईच्या वेलात बुलबुल घरटं बांधत होता आणि नातीला ते सांगायचंच असं तिनं आठवडाभर ठरवलं होतं. मला न विचारता शब्द जमवले होते. कॉल लागला आणि ती उत्साहानं सांगायला लागली, "बर्ड इज कमिंग. डेली इज कमिंग."

"कम्स," मी शेजारून म्हणालो. "डेली कम्स."

"डेली कम्स. इज ब्रिंगिंग ग्रास."

"ब्रिंग्ज."

"ब्रिंग्ज ग्रास. इज मेकिंग..." ती थांबली. "मेक्स?"

"आत्ता बनवतोय का? समोर? मग मेकिंग चालेल. पण रोजचं म्हणायचं असेल तर मेक्स."

"अँड देन?" पोरगी तिकडून विचारत होती. हनुवटी टेबलाला टेकवून, डोळे मोठे करून. "अँड देन, आज्जी?"

बायको पडद्याकडं बघत नव्हती. माझ्याकडं बघत होती. मी आज इतक्या दिवसांनीही तिचा तो चेहरा डोळ्यांपुढून घालवू शकलेलो नाही. फळ्याशी उभं केलेल्या, उत्तर येत नसलेल्या मुलीचा असतो तसा चेहरा होता. असे चेहरे मी हजारदा पाहिले होते आणि 'बस खाली' म्हणून पुढच्याला उठवलं होतं.

"अँड देन?" पोरीनं तिसऱ्यांदा विचारलं.

"तुम्हीच सांगा," बायको मला म्हणाली आणि उठून आत गेली.

मी सांगितलं. बुलबुलाची संपूर्ण गोष्ट, घरट्यापासून अंड्यापर्यंत, एकही काळ न चुकवता. पोरगी दोन मिनिटांत कंटाळली आणि कार्टून लावून द्या म्हणाली.

पुढच्या रविवारी पाच वाजता बायकोला दळण आणायचं होतं. त्याच्या पुढच्या रविवारी शेजारीण आली होती. मग कारणं द्यायचंही तिनं बंद केलं. कॉल लागला की ती माझ्या बाजूला येऊन बसायची, पण कॅमेऱ्यात येणार नाही अशी, जरा अंतर ठेवून. ऐकायची. पोरगी हसली तर गालात हसायची. बोलायची नाही. दुपारची वही मी दोन-चारदा टेबलावर नेऊन ठेवली. काही दिवसांनी पाहिलं तर तिची उरलेली कोरी पानं सुटी करून तिनं डब्यांच्या फळीवर अंथरली होती. लिहिलेली पानं कुठं गेली, विचारायचं मला धाडस झालं नाही.

मी माझ्या परीनं प्रयत्न केले. म्हणालो, "अगं बोल की. चुकलं तर चुकलं. चालतं."

"तुमास्नी चालत न्हाय," ती म्हणाली. भांडणाचा सूर नव्हता. माझा रक्तगट सांगावा तसं सांगितलं.

मुलीनं एकदा मला एकट्याला फोन केला. आई का बोलत नाही, म्हणाली. मी सगळं खरं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, मी होस्टेलवर होते तेव्हा तुम्हाला इंग्रजीत पत्रं लिहायचे, आठवतं? तुम्ही तीच पत्रं दुरुस्त करून परत पाठवायचात. लाल पेनानं."

"तुझं इंग्रजी त्यानंच सुधारलं," मी म्हणालो.

"सुधारलं. पण दुसऱ्या वर्षापासून मी पत्रं लिहिली नाहीत. ते तुमच्या लक्षात आलं होतं का?"

आलं नव्हतं. मला वाटलं होतं, अभ्यास वाढला असेल.

या गोष्टीला आता तीन वर्षं होतील. मी नातीशी बोलतो. व्यवस्थित बोलतो. शाळा, हवामान, पुस्तकं. ती शहाण्या मुलीसारखी उत्तरं देते आणि मधून मधून घड्याळाकडं बघते. बायकोशी माझं काही बिनसलेलं नाही. चहा वेळेवर मिळतो, औषधाची आठवण होते, संध्याकाळी आम्ही रंकाळ्यावर फिरायलाही जातो. फक्त दुपारी त्या टेबलाशी कुणी बसत नाही. मी तिथं पेपर वाचतो, आणि आता ओरडत नाही. ओरडण्यासारखं काही वाचलं तरी कुणाला सांगायचं, असं होतं.

परवाच्या रविवारी नात समोर आली तेव्हा तिचे पुढचे दोन दात पडलेले होते. सात वर्षांची झालीय. दात पडल्याचं सगळं वर्णन झालं. बायको माझ्या डाव्या हाताला खाली बसून मेथी निवडत होती. काड्या टाकायला तिनं हात लांब केला आणि तो हात, बांगड्यांसकट, क्षणभर पडद्यावर गेला असावा.

"इज दॅट आज्जी?" पोरीनं विचारलं.

"येस," मी म्हणालो. "शी इज क्लीनिंग व्हेजिटेबल्स."

पोरगी थोडा वेळ त्या हाताच्या जागेकडं बघत राहिली. मग तिनं साध्या कुतूहलानं, एखाद्या प्राण्याबद्दल विचारावं तसं विचारलं, "डझंट आज्जी टॉक?"

इझंट नाही. डझंट. पाऊस पडतो, सूर्य उगवतो, आज्जी बोलत नाही. पोरीला नियम कुणी शिकवलेला नव्हता. तिनं जे पाहिलं होतं त्याचा काळ तिच्या तोंडात आपोआप आला होता.

माझ्या शेजारी मेथीचा आवाज थांबला. मी अर्थ सांगायला वळलो, पण गरज नव्हती. जितकं शिकली होती तितकं तिला पुरलं होतं. ती जुडीकडं बघतच म्हणाली, "सांगा की तिला. न्हाय बोलत."

आता हे मराठीत सांगायचं असतं तर सुटलो असतो. आपल्याकडं आत्ता गप्प असलेलं माणूसही 'बोलत नाही' आणि जन्माचं मुकं माणूसही 'बोलत नाही'. पुण्याकडचं 'नाहीये' सोडलं तर पुस्तकातली मराठी असो नाही तर कोल्हापूरची, 'नाही' आलं की दोन्ही काळ एकच होतात. इंग्रजीत तसं चालत नाही. तिथं मला दोनांतला एक निवडावा लागणार होता, आणि तो बायकोनं निवडायला हवा होता. तिला विचारावं, तुला यातलं नक्की कुठलं म्हणायचंय, असं फार वाटलं. तिचे हात पुन्हा चालायला लागले होते. मी विचारलं नाही, कारण उत्तराची मला भीती वाटली.

"शी इज नॉट टॉकिंग," मी नातीला म्हणालो. म्हणजे आत्ता. या मिनिटापुरतं.

"नो, आजोबा," पोरगी म्हणाली. पडलेल्या दातांमधून हवा जात होती, तरी एकेक शब्द स्वच्छ ऐकू आला. "शी नेव्हर टॉक्स."

वाक्य बिनचूक होतं. बायकोनं मेथीच्या काड्या कागदात गोळा केल्या, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि आत गेली.